सही माझी, पंचनामा तुमचा

तालुक्याच्या कोर्टासमोर पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. गाऱ्हाणी तीच आहेत. एवढ्या वर्षांत साक्ष द्यायला आलेली हजारो माणसं पाहिली. लिंबाखाली उकिडवी बसलेली, नावाचा पुकारा झाला की दचकून उठणारी, आणि आत जाऊन 'आठवत नाही' एवढं म्हणून मोकळी होणारी. त्यांच्यावर चिडचिड करून करून माझे केस पिकले. म्हणून बनाबाईबद्दल लिहायला बसलो की मला जरा जोर चढतो. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, नसेल घ्यायचं तर नका घेऊ.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते म्हातारबुवा सांगायचे, की पूर्वी आपल्याकडे काही ठिकाणी ज्यूरी असायची. साधी माणसं निवडून कोर्टात बसवायची आणि आरोपी दोषी की निर्दोष हे त्यांना विचारायचं. ती पद्धत केव्हाच बंद झाली. आता खटल्यात साध्या माणसाला मानाची म्हणावी अशी जागा उरली आहे ती पंचाची. पोलीस झडती घेतात, काही जप्त करतात, तेव्हा ते डोळ्यांनी पाहायला दोन त्रयस्थ माणसं लागतात. त्यांनी पाहायचं, पोलिसांनी लिहिलेला पंचनामा वाचायचा आणि खरा असेल तर सही करायची. पंच हा परिसरातला प्रतिष्ठित माणूस असावा, असं कायद्याला वाटतं. चौकीसमोर त्या वेळी जो चहा पीत असेल तो प्रतिष्ठित, असं पोलिसांना वाटतं.

बनाबाईच्या गावात हा मान गुलाबरावांकडे होता. गाव चिखली तालुक्यातलं, अमडापूरच्या बाजाराला जाणारं. नाव लिहीत नाही, उगाच कुणाला आयतं निमित्त नको. गुलाबरावांची पानटपरी चौकीच्या अगदी समोर. अपघात असो, दारू असो, जुगार असो, शिपायाने कागद घेऊन यायचं आणि गुलाबरावांनी बोटाचा चुना पुसून सही ठोकायची. जागेवरून उठायचीही गरज नाही. टपरी दरवर्षी रस्त्यात थोडी पुढे सरकत होती आणि तिला कुणी काही म्हणत नव्हतं.

टपरीला लागूनच बनाबाईची पिठाची गिरणी. नवरा पुंजाजी वारला तेव्हा लोक म्हणाले, आता गिरणी विकावी लागेल, बाईमाणसाला पट्टा चढवणं जमायचं नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली. ती रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीवरचं पीठ पदराने पुसते आणि मग बटण दाबते. शिक्षण सातवी. पण वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा तिचा हट्ट सगळ्या पंचक्रोशीला माहीत. बचत गटाचं खातं काढताना तिने बँकेच्या साहेबाला अकरा पानांचा फॉर्म मोठ्याने वाचायला लावला होता. साहेबाचा घसा बसला, पण बाई हलली नाही.

तीन वर्षांपूर्वी, हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत, शेषरावांच्या विहिरीवरची केबल चोरीला गेली. शेषराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. केबलमध्ये तांबं असतं, त्यामुळे अशा चोऱ्या आमच्याकडे नवीन नाहीत. संशय गेला गोपाळवर. तो विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, म्हणजे त्याला तांब्याची किंमत कळते, एवढाच पुरावा. हा गोपाळ बनाबाईच्या मर्जीतला मुळीच नव्हता. त्याने गिरणीची मोटर दुरुस्त करतो म्हणून जाळून ठेवली होती आणि वर उलट बोलला होता. तिने त्याला गिरणीची पायरी चढायला बंदी केली होती.

गोपाळच्या घरी त्याची बायको काजल एकटीच होती. म्हणून झडतीला एक बाई पंच हवी, असं चौकीच्या जमादारांच्या डोक्यात आलं. गुलाबराव होतेच, जोडीला बनाबाईला बोलावलं. गुलाबराव दाराबाहेर उभे राहून फोनवर बोलत होते. बनाबाईने मात्र कणगीत हात घातला, पलंगाखाली वाकून पाहिलं, न्हाणीच्या पत्र्यावर काय आहे तेही शिपायाला चढून पाहायला लावलं. केबल काय, सुतळीचा तुकडा सापडला नाही. पंचनाम्याच्या पहिल्या पानावर तसंच लिहिलं गेलं, 'काही मिळून आले नाही'. तिने ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी, जिथे पंचांची नावं असतात तिथे, सही केली.

मग जमादारांनी चार कोऱ्या चिठ्ठ्या पुढे केल्या. जप्त केलेल्या वस्तूला सील लावतात तेव्हा त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवतात, त्या.

"काई सापडलंच नाई तं ह्या कायले?" तिने विचारलं.

"फायलीले लागतात बाई. करून टाका."

गिरणीवर बायका डबे घेऊन खोळंबल्या होत्या. तिने चारही चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. बँकेच्या साहेबाचा घसा बसवणारी बाई, आणि इथे फसली. चिठ्ठ्यांवर वाचायला काही नव्हतंच, म्हणून तिला त्यातला धोका दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की गोपाळच्या घरी पंचांसमक्ष केबल सापडली आणि त्याला उचलला. पंचनाम्याचं पहिलं पान बदललं होतं. दुसरं पान तेच, बनाबाईच्या सहीचं. केबलचं भेंडोळं पोत्यात घालून त्याला लाखेचं सील होतं आणि सीलावर तिची चिठ्ठी. तिला हे कळलं तेव्हा ती हातावरचं पीठ न झटकता चौकीत गेली. जमादार म्हणाले, "जे बोलाचं ते आता कोर्टात बोला." आणि चहा मागवला. तिने चहा घेतला नाही.

त्याच आठवड्यात ती माझ्या शेडमध्ये आली. म्हणाली, पोलिसांच्या मोठ्या साहेबाला अर्ज लिहा. मी सगळं ऐकलं आणि माझी अक्कल पाजळली. ते इथे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "बाई, चिठ्ठ्या तुमच्याच सहीच्या आहेत. तोंड उघडलं तर पहिल्यांदा तुम्हीच अडकाल. साक्षीला बोलावतील तेव्हा आठवत नाही म्हणा. सगळे तेच म्हणतात."

"मले आठवते ना पण," ती म्हणाली. "महादेवभाऊ, तुमी लिवता की दुसऱ्याकडं जाऊ?"

मी लिहिला. रजिस्टर पोस्टाने गेला, पोच आली, पुढे काही झालं नाही. गोपाळ काही आठवडे आत राहून जामिनावर सुटला, आणि खटला तारखांवर तारखा घेत चालू राहिला. चोर म्हणून नाव पडल्यावर त्याला कुणी विहिरीजवळ फिरकू देईना. काजल दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाऊ लागली. साक्ष फिरली नाही तर गोपाळला शिक्षा होणार, हे गावात सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे गप्प होते.

साक्षीची तारीख जवळ आली तशी शेषरावांनी स्वतः गिरणीवर येऊन खुर्ची मागितली. माणूस तसा वाईट नाही. पण आपली केबल गेली म्हणजे कुणीतरी तुरुंगात गेलंच पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

"बनाबाई, ज्यानं तुमची मोटर जाळली त्याच्यासाठी माह्याशी वाकडं घेता?"

"मोटर जाळली त्यानं. त्याचं भांडण माहं मी करतो."

"केबल त्यानं नाई चोरली, हे तुमाले काय माईत?"

"नाई माईत. चोरलीही असंन. पण मी त्या घरात होती आन् तिथं ते नवती, एवढं पक्कं माईत हाय."

शेषराव उठले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या आळीतलं एकही दळण बनाबाईकडे आलं नाही. तिची थोरली जाऊ जनकाबाई रडकुंडीला आली. "काऊन जिवाले लावून घेतं वो? तो गोप्या आपल्या कोण्या नात्याचा हाय?" बनाबाईने तिच्या डब्यातली ज्वारी गिरणीत ओतली आणि बटण दाबलं. त्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

साक्षीच्या दिवशी मी शेड बंद करून कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसलो. तीस वर्षांत असं दोन-तीनदाच केलं असेल. आधी गुलाबरावांची साक्ष झाली. केबल कुठे होती, किती हात होती, पोतं कोणत्या रंगाचं होतं, सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं. आयुष्यभर न पाहिलेल्या गोष्टी सांगायची सवय, त्यामुळे कुठेही अडखळले नाहीत.

मग बनाबाईचा पुकारा झाला. सरकारी वकिलांनी पंचनामा तिच्यासमोर धरला.

"ही सही तुमची?"

"हाव. माही."

"या चिठ्ठीवरची?"

"तेबी माहीच."

"म्हणजे ही केबल तुमच्यासमोर जप्त झाली."

"नाई. सही माही हाय, पंचनामा तुमचा हाय."

कुणीतरी हसलं. न्यायाधीश मॅडमनी वर पाहिलं तसं हसू गप्प झालं. वकिलांनी कागद आपटला आणि साक्षीदाराला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली. हा कोर्टातला रोजचा शब्द आहे. ज्या बाजूने बोलावलं तिच्याविरुद्ध साक्षीदार बोलला की तो फितूर. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. बनाबाईच्या मात्र कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"मॅडम, हा शब्द कोणाले?"

"बाई, तो कायद्याचा शब्द आहे. शिवी नाही."

"तुमाले नसंन. गावात शिवीच हाय. लिवा तुमी, मी रोखत नाई. पण त्याच्याखाली माहं म्हणणं पुरं लिवा."

वकिलांनी बजावलं, की खोटी साक्ष दिली तर तुरुंगात जावं लागतं. आणि विचारलं, की केबल जप्त झाली नव्हती तर चिठ्ठ्यांवर सह्या कशा आल्या? हाच तो प्रश्न, ज्याला मी अर्ज लिहिताना घाबरलो होतो.

"कोऱ्या होत्या तवाच केल्या," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं. "गिरणीवर गर्दी होती. मी घाई केली. ते माही चूक हाय, दुसऱ्या कोनाची नाई. त्याच्यासाठी मले जे कराचं ते करा. पण माह्या चुकीची सजा त्या पोराले देऊ नका. त्याच्या घरात मी हात घालघालून पाह्यलं. तिथं काई नवतं."

टायपिस्टचा हात थांबला होता. मॅडम म्हणाल्या, "लिहा. जसं सांगितलं तसं लिहा." जबानी छापून आली. बनाबाईने ती सगळी वाचली, एक ओळ बदलून घेतली, आणि प्रत्येक पानावर सही केली. प्रत्येक पानावर. कोर्ट तेवढा वेळ थांबलं.

गावात व्हायचं ते झालं. बनाबाई फितूर झाली, गोप्याकडून काहीतरी घेतलं असणार, असं लोक बोलू लागले. ज्याच्या घरी दोन वेळची भाकर धड नाही तो हिला काय देणार, एवढाही विचार कुणी केला नाही. चार दिवसांनी ती पुन्हा माझ्याकडे आली. तिला स्वतःच्या जबानीची नक्कल हवी होती. अर्जात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'वैयक्तिक उपयोगासाठी'.

"खोटं काऊन लिवता? भिताडाले लावासाठी पायजे, तसं लिवा."

"बाई, असं कारण कुणी देत नाही."

"मंग मी देतो."

लिहिलं. नकलेच्या खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. ती नक्कल आजही गिरणीच्या दर्शनी भिंतीवर आहे, चौकीकडे तोंड करून, वर प्लास्टिक लावून. 'फितूर' या शब्दाखाली तिने लाल पेनाने रेघ मारली आहे. त्याखाली 'ती माझी चूक आहे' याच्याखालीही. जमादार येऊन म्हणाले, हे काढा, बरं दिसत नाही. ती म्हणाली, कोर्टाचा शिक्का हाय, तुमच्या हातानं काढा. त्यांनी हात लावला नाही.

चार महिन्यांनी निकाल लागला. गोपाळ सुटला. पंचनाम्यावरच्या संशयाचा फायदा आरोपीला मिळाला. पण निकालात बनाबाईबद्दलही एक परिच्छेद होता, आणि तो गोड नव्हता: पंच क्रमांक दोन हिने कोऱ्या चिठ्ठ्यांवर सही करून बेजबाबदारपणा केला, पंचानेच डोळे मिटले तर न्यायालयाने पाहायचे कुणाच्या डोळ्यांनी? मी म्हणालो, हे पान राहू द्या, मिळालं तेवढं पुष्कळ.

"बराबर लिवलं मॅडमनं," ती म्हणाली. "याचीबी नक्कल काढा."

तेही पान लागलं, जबानीच्या उजवीकडे. दळायला आलेल्या बायका रांगेत उभ्या राहून दोन्ही नकला वाचतात. ज्यांना येत नाही त्यांना दुसरी कुणी वाचून दाखवते. शेषरावांच्या आळीतल्या दोन-तीन बायकाही आता डबे पाठवतात, नवऱ्यांना न सांगता.

गेल्या महिन्यात मी तिकडे गेलो होतो. गिरणीबाहेर उभा असताना गुलाबराव टपरीतून उठून आले. उठून आले, हेच मला नवल. भिंतीकडे न पाहता ते म्हणाले, "बनाबाई, झालं ना आता सारं? तो सुटला. आता उतरवा ना हे. येणारं-जाणारं गिऱ्हाइक वाचते आन् मंग माह्याकडं पाह्यते."

बनाबाईने हातावरचं पीठ झटकलं आणि जबानीच्या डावीकडची भिंत तळहाताने पुसली. तिथे एका पानाला पुरेल एवढी जागा तिने मोकळी सोडली होती.

"तुमची जबानी आना, गुलाबराव," ती म्हणाली. "तुमाले तं सारं दिसलं होतं. इथं लावतो."

गुलाबराव टपरीत परत गेले. ती जागा अजून मोकळी आहे.