तीनचाकीला जाळी

दुचाकीवर वळताना माणूस हँडल वळवत नाही, अंग झुकवतो, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तीस वर्षं मोटरसायकल चालवली. घर ते महाड, महाड ते घर. पावसात, उन्हात, अंगात ताप असतानाही. आपण वळतो कसे, याचा कधी विचार केला नव्हता. मग त्याच मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं बसवून घेतली आणि पहिल्याच वळणावर नेहमीसारखा डावीकडे झुकलो. गाडी झुकली नाही. मी एकटाच झुकलो आणि गाडी सरळ जाऊन गटाराच्या कठड्याला टेकली.

गाडी करून देणारा फिटर महाडचाच, साठीचा. सगळे त्याला चाचा म्हणतात. अपंगांसाठी अशा गाड्या करण्यात त्याचा हात धरणारा आमच्याकडे कुणी नाही. तो हात पुसत चालत आला, कठडा बघितला, गाडी बघितली आणि मग मला बघितलं.

"साहेब, ही काय जुनी गाडी नाय, तुम्ही लाडानं मान वाकडी केलीत की वळायला. हिला हातानं वळवायला लागते. बैलासारखी."

"किती दिवसांत सवय होते?"

"ज्यानं आधी काय चालवलंच नाय, त्याला चार दिवस. तुमच्यासारख्याला..." एवढंच बोलून तो पुन्हा हात पुसू लागला.

मी अपंग नाही. ही गाडी माझ्या बायकोसाठी केली. ती वरच्या वाडीतल्या अंगणवाडीत सेविका आहे. आमचं घर वरंधच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. वरची वाडी तिथून तीन किलोमीटर, सगळा चढ, एसटी नाही. बावीस वर्षं मी सकाळी तिला तिथे सोडायचो आणि मग महाडला, कॉलेजच्या कचेरीत कामाला जायचो. गेल्या गणपतीनंतर एका सकाळी ओढ्यावरच्या साकवापुढच्या चढावर तिचा पदर मागच्या चाकात गेला. ती मागच्या मागे ओढली गेली, गाडी पडली, मीही पडलो. मला खरचटलं. तिचा डावा खुबा मोडला. महाडला ऑपरेशन झालं, आत सळई बसली. चार महिन्यांनी ती काठी घेऊन घरात चालू लागली, पण चढ चढवेना. एकदा तिला गाडीवर बसवून बघितलं, तर गाडी जरा कलताच ती ओरडली. मदतनीस एकटी अंगणवाडी सांभाळत होती. सुपरवायझर मॅडमचा निरोप आला होता की जूनमध्ये हजर व्हा, नाहीतर तुमच्या जागी दुसरी बाई घ्यावी लागेल. म्हणून ही न कलणारी गाडी.

हे लोकांना सांगायचं कारण. दुसरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मोटरसायकलच्या मागच्या चाकाला डाव्या अंगाने एक लोखंडी जाळी असते. साडी गार्ड म्हणतात. एका बाजूला बसलेल्या बाईचा पदर, निऱ्या चाकात जाऊ नयेत म्हणून. आमच्या गाडीची जाळी एक नट ढिला झाल्याने खडखड वाजायची. आमच्या रस्त्यावर तर घर येईपर्यंत डोकं उठायचं. गणपतीच्या आधी एकदा वैतागून मी ती काढली आणि पडवीच्या अडगळीत खिळ्याला टांगली. रविवारी नवा नट आणून बसवू म्हटलं. असे पाच रविवार गेले. खडखड थांबली म्हणजे नट बसला, असंच बायको समजली असावी.

बायको ऑपरेशनच्या टेबलावर असताना मी तिचे कपडे न्यायला घरी आलो. गाडी शेजाऱ्यांनी आणून अंगणात लावली होती. घरात कुणी नव्हतं. मी दहा नंबरचा पाना घेतला, ती जाळी खिळ्यावरून उतरवली आणि गाडीला बसवली. मग कपाटातून दोन गाऊन आणि टॉवेल घेऊन दवाखान्यात गेलो.

त्यानंतर जो तो घरी भेटायला आला, त्याने जाताना गाडी बघितली आणि म्हणाला, "जाळी असून पदर गेला? म्हणजे केवढा मोकळा सोडला होता!" मी ऐकून घेतलं. पुढे तीही तेच म्हणू लागली. "माझंच ध्यान नव्हतं हो." घरातल्या घरातसुद्धा ती पदराला तीन पिना लावून वावरायची. खांद्यावर एक, कमरेला एक आणि शेवटाला एक. भाकरी थापतानाही.

चाचाने मागचं चाक काढलं तेव्हा जाळी सुटली. ती हातात फिरवून बघत तो म्हणाला, "डावा फूटरेस्ट वाकलाय, इंडिकेटर फुटलाय. आणि जाळीला साधा चरा नाय. नशीबवान हाय तुमची जाळी." मग विचारलं, "ही आता लागत नाय. चाकांवर पत्र्याचे मडगार्ड येतात. भंगारात टाकू?"

मी म्हटलं, "नको, द्या." घरी आणून ती परत त्याच खिळ्याला टांगली.

शिकण्याचं काय सांगू. पहिला महिना मी रोज चिडलेला असायचो. दुचाकी थांबली की पाय खाली टेकतो आपण. इथे पाय टेकायची गरज नसते, पण पायाला ते कोण सांगणार? बिरवाडीजवळ ट्रकमागे थांबताना मी डावा पाय टेकला आणि मागचं चाक टाचेवर चढलं. आठ दिवस लंगडलो. रस्त्यातला खड्डा दुचाकीने चुकवता येतो. तीनचाकीने पुढचं चाक चुकवलं की मागच्या दोनांपैकी एक त्यात पडणारच. आमच्या रस्त्याला दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा. मागची चाकं चाकोऱ्यांत ठेवली तर पुढचं उंचवट्यावर नाचतं. रस्ता कडेला उतरता असला की हँडल सतत तिकडेच ओढ घेतं. घरी येईपर्यंत दंड भरून यायचे. साकवावर दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरते. सावकाश जावं तर चढ चढत नाही आणि जोरात वळावं तर आतलं चाक उचललं जातं.

आणि या गाडीला रिव्हर्स नाही. महाडच्या बाजारात एकदा भिंतीसमोर गाडी लावली आणि निघताना लक्षात आलं की मागे घ्यायची तर उतरून ढकलायला हवी. दोघंजण धावत आले. "बसा काका, बसा, तुम्ही उतरू नका." बसल्या जागी ढकलून दिलं मला. मी बसून राहिलो, कारण उतरून दोन पायांवर उभं राहायची लाज वाटली.

मार्चमध्ये तर कहर झाला. कचेरीतून निघालो तो चवदार तळ्याच्या सत्याग्रहदिनाच्या गर्दीत सापडलो. लांबलांबून आलेली माणसं, बायका, कडेवर पोरं. दुचाकी असती तर कुठूनही निघालो असतो. तीनचाकी अडकली ती अडकलीच. पांढरा सदरा घातलेला एक स्वयंसेवक पुढे झाला आणि ओरडला, "दादांना वाट द्या! वाट द्या दादांना!" आणि गर्दीने खरंच वाट दिली. एका म्हातारीने स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. ती विदर्भातून दोन दिवस प्रवास करून आली होती, पाय सुजले होते तिचे. मी धडधाकट माणूस तिचं पाणी प्यालो आणि त्या वाटेने निघून गेलो. "मला काही झालेलं नाही" एवढे चार शब्द तोंडातून आले नाहीत. त्याआधीही वेगळे चार शब्द सहा महिने आले नव्हते.

एप्रिल संपता संपता गाडी जरा हाताखाली आली. वळताना अजून अंग झुकायचं, पण हातही वळायचे. मी बायकोला म्हटलं, "चल, आज साकवापर्यंत जाऊन येऊ."

"मी नाय बसायची."

"अगं, ही कलत नाही. बघितलंस ना तू?"

"गाडीला कोण भितंय? माझाच भरवसा नाय मला. जाळी असून जिनं चाकात पदर घातला, ती काय कशातही घालील." मग काठी टेकत दारापर्यंत आली. "आणि लोक काय म्हणतात ठाऊक हाय तुम्हाला? चांगला धडधाकट माणूस, बायकोपायी पांगळ्याच्या गाडीवर बसला. मला ऐकायला लागतं ते."

मे महिन्यातही हेच. मी रोज विचारायचो आणि ती रोज नाही म्हणायची. मी चिडून दोनदा बोललोसुद्धा तिला, "एवढी गाडी केली ती काय अंगणात ठेवायला?" हे लिहिताना आज हात थांबतो. तिच्यावर चिडायचा हक्क मला कुणी दिला होता?

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी अंगणात गाडी वळवत होतो. रिव्हर्स नसल्याने उतरून, हँडल धरून, थोडी पुढे थोडी मागे असं. शेजारचा मुंबईला कामाला असलेला मुलगा सुट्टीला आला होता. नव्या बायकोला मोटरसायकलवर मागे बसवून पोलादपूरला, तिच्या माहेरी निघाला होता. माझी बायको ओट्यावरून त्या मुलीला म्हणाली, "पदर आधी खोच गो. नीट खोच. नवऱ्याला थांब म्हण, तो थांबतो. माझं बघितलंस ना काय झालं? जाळी होती तरी..."

"जाळी नव्हती," मी म्हटलं.

माझ्याच कानाला तो आवाज परका वाटला. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नवऱ्याने गाडी बंद केली.

"काय म्हणता?" बायको म्हणाली.

"तेव्हा जाळी नव्हती गाडीला. वाजते म्हणून मी काढून ठेवली होती. नंतर बसवली."

"नंतर म्हणजे कधी?"

"तुझे कपडे न्यायला आलो तेव्हा."

तिने हिशेब केला असावा. "म्हणजे मी टेबलावर होते."

"हो."

शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "काकी, आम्ही निघू का?" ती म्हणाली, "निघा. पदर खोच गो पण." मग ओट्यावरच उभी राहून तिने पदराच्या तीनही पिना काढल्या, मुठीत धरल्या आणि आत गेली.

आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. जेवण वाढलं, पाणी ठेवलं. ती रडली असती, ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी दोनदा माफी मागायला गेलो. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काय बोलू आता?" जून उजाडायला दोन दिवस राहिले होते. अंगणवाडीचं काय, हे विचारायची हिंमत मला होईना.

एक जूनच्या आदल्या दिवशी दुपारी ती पडवीत आली. खिळ्याकडे काठी दाखवून म्हणाली, "ही लावा गाडीला."

"तीनचाकीला लागत नाही गो ती. वरून पत्रा आहे, चाक उघडं नाही कुठे."

"लागत नाय ते मला पण दिसतंय. लावा. आणि कोण विचारील, तीनचाकीला जाळी कशाला, त्याला खरं सांगायचं. तुम्ही. मी नाय सांगायची."

"सगळ्यांना?"

"मला सगळ्यांनी सांगितलं नव्हतं? की पदर सांभाळायला पाहिजे होता म्हणून?"

जाळी बसायला जागाच नव्हती. तशीच घेऊन चाचाकडे गेलो. पहिला प्रश्न त्याचाच. "डोकं फिरलं काय साहेब? हिला जाळी कशाला?" त्याच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी सांगितलं. अडखळत, पण पान्याच्या नंबरापर्यंत सगळं. चाचाने जाळी माझ्या हातातून घेतली. मग मडगार्डला दोन पट्ट्या वेल्ड करून त्यावर जाळी बसवून दिली. एवढंच म्हणाला, "वाजणार ही."

"वाजू दे."

एक जूनला सकाळी ती अंगणवाडीची गणवेशाची साडी नेसून आली. काठी माझ्या हातात दिली, मागे बसली. पदराला एकच पिन होती, खांद्यावर. बावीस वर्षं ती माझ्या खांद्यावर हात ठेवून बसायची. त्या दिवशी तिने मागचा लोखंडी दांडा धरला. साकव आला, चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. पुढच्या चढावर, जिथे आम्ही पडलो होतो त्या वळणावर, माझं अंग सवयीने कललं.

"सरळ बसा," ती मागून म्हणाली.

जाळी वाटभर खडखडत होती. मी सरळ बसलो, हाताने वळवलं, आतलं चाक किंचित उचललं आणि परत टेकलं. ती ओरडली नाही.

अंगणवाडीसमोरच्या कट्ट्यावर वाडीतला एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. पोरं "बाई आल्या, बाई आल्या" करत दारात गोळा झाली. म्हाताऱ्याने गाडी पुढून बघितली, मागून बघितली.

"आयला, तीनचाकीला साडी गार्ड? हे कशाला रे?"

बायको काठी टेकून उतरली होती. दोन पावलं पुढे जाऊन थांबली. पोरं तिचा हात ओढत होती तरी थांबली, पाठ माझ्याकडे करून. मी गाडी बंद केली, पाय सवयीने खाली टेकला आणि सांगायला सुरुवात केली.