यशोदेचा पाळणा आणि माझा कुकर

माझी धाकटी जाऊ यशोदा आज सकाळी गेली. तिचं एक वर्ष मी कुकरला विकलं होतं.

सकाळपासून ग्रुपवर तिच्या फोटोखाली सगळे हात जोडतायत. जोडा. पण आधी हे वाचा.

शहाऐंशी साल असेल. आमच्या देवीच्या जत्रेत पाळण्यांचा लिलाव व्हायचा. खेळण्यातले, वीतभर लाकडी, सावंतवाडीच्या चिताऱ्याने रंगवलेले.

मूल नसलेल्या बाईने तो घ्यायचा, घरात टांगायचा. मूल झालं की देवीला परत. पुढच्या जत्रेला पुढची बाई.

बाजारातला नवा चालत नाही. ज्याने एका घरात पोर आणलं, तोच हवा.

टोपलीत सात-आठ पाळणे असायचे, घेणाऱ्या तिघी-चौघी; उरलेले पुढच्या जत्रेपर्यंत ज्याच्या त्याच्या माळ्यावर. पाच रुपये नि नारळ, झालं. बाईवर बाहेरच्याने बोली चढवायची नाही ही रीत.

मीही घेतला होता. झील झाला, मुलगा. परत द्यायचा राहिला. आज देऊ, उद्या देऊ.

मग मुंबईचा एक माणूस आला, जुनी खेळणी गोळा करणारा.

"मावशी, असा रंग देणारा चितारी आता उरला नाही. पाळणा द्या, बदल्यात कुकर घ्या."

कुकर. अख्ख्या वाडीत कुणाकडे नव्हता.

दिला. घरी सांगितलं, माहेरून आला.

वर आणखी कुणाकडे पाळणे आहेत ती घरंही मीच दाखवली. एकीच्या घरी नवं भांडं दिसलं की दुसरी माळ्यावर चढायची.

आणि मीच त्याला म्हटलं, "जत्रेक येवा. थंय पण पाळणे गावतले."

यशोदेच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झालेली. कूस उजवली नव्हती. सासूने तिला सांगितलं, "पाळणो घरात इलो तर वरसभर थांबतंय. नायतर झिलाचा दुसरा लगीन लावतलंय."

लाकडाने पोर होत नाही, एवढं चौथी शिकलेल्या मलाही कळत होतं. पण तो पाळणा म्हणजे एक वर्ष.

यशोदेने मला विचारलं, "वयनी, तुमचो पाळणो यंदा देवीक देतलात मा?"

"देतंय गो. जत्रेक वेळ आसा."

कुकर समोर चुलीवर होता.

जत्रेला टोपलीत एकच पाळणा. बायका तीन. आणि तो मुंबईवाला.

पाच. अकरा. एकवीस. बाकीच्या दोघी मागे सरल्या. दीर, यशोदेचा नवरा, म्हणाला, एक्कावन्न.

मुंबईवाला म्हणाला, "शंभर."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, हयसर बाईवर बोली चढवनत नाय."

"लिलाव आहे ना? पैसे देवीलाच जाणार."

मानकऱ्यांनी बोली चालू ठेवली. देवळाची कौलं फुटलेली होती.

दीर दीडशेपर्यंत गेला. खिशात तेवढेच.

"पाचशे."

त्याला मी शिव्या देत नाही. गावातले बाकीचे पाळणे आम्हीच त्याच्या गाडीत भरले. एकच उरला की त्याचे पाचशे होणारच.

परतताना यशोदा म्हणाली, "वयनी, तुमचो खंय गेलो?"

मी म्हटलं, "बेगीन चल. म्हशीक पाणी दाखवचा आसा."

पुढच्याच मे महिन्यात दिराने दुसरी आणली. कायदा होता, पण आमच्या वाडीपर्यंत पोचला नव्हता.

सवतीच्या दोन्ही पोरांना न्हाऊमाखू यशोदेनेच घातलं. मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त आपला भात वेगळा शिजवायची, टोपात.

"कुकरातलो कित्याक नको गो?"

"माका पचणा नाय, वयनी."

जन्मभर पचला नाही. मधे माझे तीन कुकर झाले.

मघाशी सून पिंडाचा भात लावायला कुकर घेऊन आली.

मी म्हटलं, "टोप काढ."

यशोदा, जा बाय. हात मीही जोडते, सगळ्यांच्या मागून.