छत्रीच्या तारेवरचा पास्ता

खरं सांगतो, माझ्या मायनं मले फसवलं. बाहेरच्या कोणी फसवलं असतं तं दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. मायले काय म्हणणार?

वरूडकडं आमची संत्र्याची बाग. मी दोन वर्षं पुण्याच्या एका हॉटेलात रांधायले होतो. बाबा गेले, झाडं वाळाले लागली, म्हणून परत आलो. तिथं शिकलेला पास्ता घरी करत जाय. लग्नात वाढतात तो पांढरा चिकट प्रकार नाई, त्याले मी पास्ता म्हणतच नाई. कणीक घट्ट मळायची, बोटाएवढी पट्टी छत्रीच्या जुन्या तारेवर वळायची अन् तार ओढून घ्यायची. इटलीत दक्षिणेकडच्या खेड्यांत बाया असाच वळतात म्हणे. आमच्याकडंही काडीवर सरगुंडे वळतात, आमरसासोबत खातात, म्हणून मायले त्याचं नवल वाटलं नाई. पण वरून लसूण, टमाटर अन् सब्ज्याची पानं पाहून ती म्हणाली, "बापा, सरगुंड्याचं वाटोळं केलं तू!" अन् दोनदा मागून खाल्लं.

त्या वर्षांत शेती करणाऱ्याले कोणी पोरगी देत नव्हतं. रोज कुठून तरी शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी येत होती. पोरीचे बाप घाबरत, त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी पस्तिशीले टेकलो होतो. तेवढ्यात अकोल्याचं एक स्थळ माझ्यासाठी आलं. पावणे घरी येणार म्हटल्यावर मी म्हटलं, पास्ताच करतो. माय म्हणाली, "कर, पण लवकर उरक. पोरगा चुलीपाशी दिसला तं हसतीन लोकं."

पावणे आले, पोरगीही सोबत होती. पोरीच्या बापानं विचारलं, "म्हणजे नुसती शेतीच?" मी हो म्हटलं अन् त्याचा चेहरा उतरला. मंग ताटं वाढली. पोरगी पहिला घास खाऊन थांबली.

"हे कोणी केलं हो?"

मी तोंड उघडणार, तं माय म्हणाली, "लहान्यानं. अमरावतीले कॉलेजात नोकरी करते अन् हौसेनं रांधतेही."

माझा लहाना भाऊ समोरच बसला होता. त्याले साधी खिचडी लावता येत नाई. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मंग ताटात पाहिलं अन् गप खात राहिला. मायचं एकवेळ समजून घेतलं असतं. त्याच्या त्या गप खाण्यानं माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पावणे गेल्यावर मी भांडलो. "काहून केलं असं, माय?"

"तुले कोणी देतच नाई, बापा. त्याचं तरी होऊ दे."

थोरला बिनलग्नाचा असताना लहान्याचं त्याच पोरीशी लग्न लागलं. पंगतीत मीच वाढलं.

पुढं सुट्टीत दोघं घरी आले. तिनं कौतुकानं कणीक मळली, तार नवऱ्याच्या हातात दिली. त्याले ती धरताही येईना. शेवटी मी हात धुतले अन् वळाले बसलो. ती माझ्या बोटांकडं पाहातच राहिली.

"दादा, त्या दिवशी तुमीच केलं होतं ना?"

मी मान हलवली. लहाना खाली पाहून उभा. माय भिंतीशी.

ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी इथून जाताना माझ्या बाबांनी मले विचारलं होतं, कोण पसंत आहे म्हणून. मी म्हटलं, ज्यानं रांधलं तो. शेतकरी असता तरी चाललं असतं."

मी उठलो अन् बागेत निघून गेलो. तिच्यासमोर रडायचं नव्हतं मले.