अ तुकडीचं विमान

बारावीत असताना मी माझ्या वडिलांना सलग पाच आठवडे फसवलं. गोष्ट खेळातली आहे. आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग आपण हसलो याचीच लाज वाटते. माझा मुलगा विचारतो, "बाबा, काय झालं?" त्याला मी ती कधी पूर्ण सांगितलेली नाही. इथे सांगतो.

वडील घड्याळजी होते. इतवारीच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. एका माणसाला बसता येईल आणि दुसऱ्याला वाकून उभं राहता येईल, एवढीच जागा. जरीपटका भागात फॉरेनच्या मालाचं दुकान चालवणारे एक सिंधी शेठ त्यांचे गिऱ्हाईक होते. शेठकडे बाहेरून आलेली घड्याळं पेटीभर पडून असत, आणि त्यातली निम्मी प्रवासातच बंद पडलेली. वडिलांनी ती सगळी पेटी चालती करून दिली आणि मजुरीच्या बदल्यात काचेच्या कपाटातला टीव्ही गेम मागितला. मागितला त्यांनी, पण मागे उभा राहून त्यांच्या पाठीत कोपर खुपसत होतो तो मी.

"ओरिजिनल है ना, शेठ?" वडिलांनी विचारलं.

"ओरिजिनल डुप्लिकेट है," शेठ छातीवर हात ठेवून म्हणाले. "बाजार में जो मिलता है, वो डुप्लिकेट का डुप्लिकेट. ये सीधा फॉरेन का डुप्लिकेट."

हे उत्तर वडिलांना इतकं आवडलं की घरी येईपर्यंत सायकलवर ते स्वतःशीच म्हणत होते, "सीधा डुप्लिकेट!" खोक्यावर मूळ कंपनीचं नाव होतं, फक्त त्यातलं एक अक्षर बदललेलं. खेळ लावण्याआधी वडिलांनी आपला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून यंत्राची पाठ उघडली. न उघडता कुठलीही वस्तू वापरणं त्यांना अपमानाचं वाटायचं. आत एवढीशी हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबरासारखा एक काळा थेंब. बाकी डबा रिकामा. हातात घेतल्यावर वजनदार वाटावा म्हणून तळाला लोखंडाचा तुकडा चिकटवलेला. तो पाहून वडील मांडी थोपटून हसले.

"पाह्य गा, कसा डोक्याचा माणूस असन! लोखंड टाकून किंमत वाढवली!"

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. गेम लागायचा तो बटण दोन चॅनेलांच्या मधोमध अडकवून, आणि ते तिथे टिकावं म्हणून आगपेटीची काडी खोचून. तरीही चित्र मधूनच खाली घरंगळायचं. मग टीव्हीच्या डोक्यावर एक चापट. आईला धास्ती एकच होती, की टीव्हीची काच खराब होईल. "ते विमान काचीवर छापून बसन, मंग बातम्यावाल्या बाईच्या नाकावर दिसन," असं ती रोज म्हणायची आणि रोज दारात उभी राहून खेळ बघायची.

खेळ साधा होता. दोन विमानं, मध्ये दोन पांढरे ढग. एकमेकांना गोळ्या घालायच्या. यंत्राला वायरने जोडलेल्या दोन दांड्या होत्या, प्रत्येकीवर गोळीचं एक बटण. वडिलांनी डावी दांडी घेतली, मी उजवी.

यंत्राच्या मागे प्रत्येक खेळाडूसाठी एक छोटी कळ होती. तिच्या एका बाजूला इंग्रजी ए, दुसऱ्या बाजूला बी. आता इथे मला वडिलांच्या शाळेबद्दल सांगायला हवं. त्यांच्या शाळेत हुशार मुलं अ तुकडीत, मधली ब मध्ये आणि उरलेली क मध्ये. वडील शिकले तेवढी वर्षं क मध्ये बसले आणि सातवीनंतर घड्याळांत आले. त्यांनी ती कळ पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ए म्हणजे अ ना?"

"हाव."

"मंग माही कळ अ वर टाक. शाळेत कोनी बसवलं नाई, इथं तरी बसतो."

मी त्यांची कळ अ वर टाकली, माझी ब वर ठेवली. त्यावेळी मला काहीच माहीत नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण खोक्यात एक कागद होता. वरती चिनी, खाली मोडकंतोडकं इंग्रजी. दोन दिवसांनी मी तो शब्दकोश घेऊन वाचला. ए हे पटाईत खेळाडूसाठी होतं. त्या बाजूचं विमान हळू उडतं आणि त्याची गोळी अर्ध्या वाटेतच विझते. बी नवशिक्यासाठी.

मी तो कागद घडी करून रसायनशास्त्राच्या पुस्तकात ठेवला.

का ठेवला? कारण वडिलांनी मला आयुष्यात प्रत्येक खेळात हरवलं होतं. कॅरममध्ये ते डोळे मिटून राणी घ्यायचे आणि "जा, आईले सांग, पोरगं पुन्हा रडून राहिलं" असं म्हणायचे. आणि आता मी जिंकत होतो! रोज संध्याकाळी, दहा-दहा डाव. मी खाटेवर उड्या मारत होतो. त्यांचं विमान ढगातून बाहेर येताना मी आधीच तिथे हजर असायचो. "बाबा, तुमचं विमान पेट्रोल संपलं म्हणून उभं हाय का?" असं मी विचारायचो आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. इतका आनंद मला बारावी पास झाल्यावरही झाला नाही.

वडीलही सुरुवातीला हसत होते. मग ते आपल्या अंगठ्याकडे बघू लागले.

"मी बटण दाबतो, तरी गोळी पोचत नाई," ते आईला म्हणाले. "हात उशिरा चालून राहिला."

पुढच्या आठवड्यात त्यांनी खर्रा सोडला, कारण कोणीतरी सांगितलं की तंबाखूने हात कापतो. वीस वर्षं सुपारी-तंबाखू घोटून खाणाऱ्या माणसाने एका दिवसात सोडला. आई खुश झाली. मग ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. मग सकाळी कोमट पाण्यात बोटं बुडवून बसू लागले. हे सगळं मी बघत होतो आणि संध्याकाळी पुन्हा उजवी दांडी घेऊन बसत होतो. उद्या सांगू, असं रोज म्हणायचो.

एक दिवस दुकानात डबा द्यायला गेलो तेव्हा खणात ठेवलेली बायकांची घड्याळं दिसली नाहीत. नखाएवढी ती घड्याळं उघडणारे त्या भागात वडीलच होते.

"परत केली," ते म्हणाले. "नऊ होती. त्याच्यात केसासारखी कमान असते. हात चुकला तं कोनाचं तरी घड्याळ कामातून जाईन."

एकच उरलं होतं, दवाखान्यातल्या एका सिस्टरचं, आणि तेवढ्यात त्या स्वतःच आल्या.

"जयभीम भाऊ. झालं का माझं घड्याळ?"

वडिलांनी ते कागदात गुंडाळून पुढे केलं. "सिस्टर, दुसरीकडं दाखवा. माहा हात आता पयल्यासारखा नाई राहिला."

"अवो, काय झालं? इकडं आणा." त्यांनी वडिलांचा पंजा धरून उलटासुलटा केला. "हात तं लोखंडासारखा हाय!"

"वरून वाटते."

ते ज्या आवाजात 'वरून वाटते' म्हणाले, तो ऐकून मी हातातला डबा खाली ठेवला.

"बाबा, तुमच्या हाताले काई नाई झालं," मी म्हणालो. "मी चोरी करून राहिलो."

"कशाची चोरी गा?" सिस्टरने विचारलं.

"विमानाची."

मग मी सगळं सांगितलं. कळ, कागद, रसायनशास्त्राचं पुस्तक. वडिलांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"माहं मन राखाले बोलून राहिला तू."

हे मी धरलंच नव्हतं. मला मार अपेक्षित होता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, उलट माझ्याकडे मायेने बघितलं, आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "चला, पाहून घेऊ. घड्याळ माझं हाय, मी पण येते."

घरी मी कळा उलट केल्या. मी अ वर, वडील ब वर. वडील पटापट जिंकले आणि तिसऱ्या डावाला दांडी खाली ठेवली. "तू मुद्दाम हरून राहिला."

खरंच, हे सिद्ध कसं करणार? सिस्टरने स्वयंपाकघराकडे बघितलं.

"वहिनी, तुमी बसा."

"मले काय येते वं ते!" आई कणकेच्या हातानेच बाहेर आली. तिने दांडी कधी धरली नव्हती. धरली ती लाटण्यासारखी, दोन्ही हातांनी. सिस्टर मला म्हणाल्या, "जीव तोडून खेळजो." मी जीव तोडून खेळलो. माझ्या गोळ्या तिच्यापर्यंत पोचण्याआधीच विझत होत्या आणि आई डोळे मिटून बटण बडवत होती.

"पडलं का? कोनाचं पडलं? माहं का?"

"तुहं नाई, पोराचं!" सिस्टर ओरडल्या.

"पुन्हा पडलं! अवं माय, पुन्हा पडलं!"

आईने मला धुवून काढलं. यंत्राला कणीक लागली, आगपेटीची काडी पडली, चित्र घरंगळायला लागलं, तरी ती थांबेना. वडील आधी नुसते पडद्याकडे बघत होते. मग ते खाटेवर आडवे होऊन हसले. हसता हसता त्यांनी मला एक सणसणीत चापट दिली, टीव्हीला देत तशीच.

"आयुष्यात एकदा अ तुकडीत बसलो, तं तिथंही नापास! जा, खर्रा आण."

आईची दांडी थांबली. "खरं बोलाले तुले हाच आठवडा भेटला का गा? आणखी थोडं थांबला असता तं कायमचा सुटला असता!"

खर्रा मलाच आणावा लागला. तोही मी माझ्या गुन्ह्यांत मोजतो.

पण वडिलांनी मला सोडलं नाही. रविवारी नऊ पत्ते लिहून दिले. सायकलने जायचं, परत गेलेली घड्याळं मागून आणायची, आणि प्रत्येक दारात कारण स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्यांनी वाक्यही पाठ करून घेतलं: "माझ्या बाबांचा हात चांगला आहे, मी खेळात चोरी केली."

एक पत्ता बेसाचा होता, तेव्हा ते शहराबाहेरचं गावच होतं. तिथल्या शाळेच्या बाईंनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, कारण पहिल्या दोन वेळी त्यांना हसताना ऐकूच आलं नाही. एका घरी म्हाताऱ्यांनी अख्ख्या शेजाराला बोलावलं. "सांग, पुन्हा सांग, विमान कसं चोरलं." मी सांगितलं. घामाने आणि लाजेने भिजून मी आठ घड्याळं जमवली.

नववं कळमन्याला, धान्याच्या एका अडत्याच्या घरी. त्यांच्या बायकोने दार उघडलं. माझं वाक्य ऐकून ती हसली नाही. आत जाऊन तिने एक पुडी आणली. घड्याळ तिने दुसऱ्या घड्याळजीकडे दिलं होतं, आणि त्याने ते उघडून बिघडवलं होतं.

"माह्या आईचं होतं," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी वडिलांनी पिशवीतली आठ बाजूला ठेवून आधी पुडी सोडली. कमान मुरगळली होती. डोळ्याला भिंग लावून त्यांनी चिमटा उचलला. मी बॅटरी धरली होती, आणि दिवसभर सायकल मारून माझाच हात थरथरत होता.

"उजेड हलवू नको."

त्यांचा हात हलत नव्हता. मी एवढ्या जवळून कधी बघितला नव्हता. तिसऱ्या दिवशी ते घड्याळ चाललं, तरी रोज दहा मिनिटं मागे पडू लागलं. पहिल्यासारखं ते झालंच नाही. वडिलांनी कळमन्याच्या बाईंना तसं स्पष्ट कळवलं आणि मला सांगितलं की दर रविवारी जाऊन वेळ मिळवून यायची.

परीक्षा होईपर्यंत मी जात होतो. बाई दर वेळी चहा द्यायच्या, घड्याळ माझ्या हातात द्यायच्या आणि विचारायच्या, "बाबांचा हात कसा हाय?"

"चांगला हाय," मी म्हणायचो, आणि काटे दहा-दहा मिनिटं पुढे सरकवत राहायचो, सत्तर मिनिटं होईपर्यंत.