पिवळी रेघ

पाण्याचे मीटर दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये त्याला नावानं कुणीच हाक मारत नसे. सगळे त्याला डबलकडी म्हणत. घराच्या फाटकाची कडी लावून हा गडी पाच पावलं जायचा, परत यायचा, कडी ओढून बघायचा आणि मगच कामाला निघायचा. मीटरचा स्क्रूही एकदा पिळून त्याचं समाधान होत नसे. लोक हसायचे. हसेनात का! बावीस वर्षं ज्याच्या उरावर एक नट बसला होता, त्याला त्या हसण्याचं काय सोयरसुतक असणार?

त्या नटाची हकिकत अशी. थोरल्या भावाच्या सायकलीचा मागचा ब्रेक एका संध्याकाळी यानंच बसवला होता. काम संपत आलं आणि जेवायची हाक आली, तसा हा उठला. नट शेवटचा पिळला की नाही, ते नंतर काही केल्या आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला त्याच सायकलीवर निघाला, पाण्याच्या टाकीकडच्या उतारावरून सुटला आणि खालच्या वळणावरच्या भिंतीवर आदळला. जागच्या जागी गेला. दारात माणसं जमलेली असताना धाकटा कपाळ बडवत म्हणाला, "नट मी सैल सोडला." झालं. कबूल करणारा माणूस समोर असताना सायकल तपासतो कोण? ती टेम्पोतून घरी आली. यानं ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून टांगली, वर गोणपाट टाकलं आणि पुन्हा तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

लग्नाचं नावही त्यानं काढलं नाही. वहिनी आणि दोन वर्षांची पुतणी, हाच त्याचा संसार झाला. वहिनीनं कधी वाकडा शब्द काढला नाही, आणि त्यामुळं तर तो आणखीच खचायचा. भर दुपारी जेवताना मागच्या खोलीतून सायकलीच्या फ्रीव्हीलची टक टक ऐकू यायची. घास हातात राहायचा. उठून बघावं तर गोणपाट जिथल्या तिथं असायचं. पुतणी दहा वर्षांची असताना त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाली होती, "काका, माझा तुझ्यावर राग नाही हं." ते ऐकून तो दोन दिवस जेवला नव्हता.

आता ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली होती. सकाळी सातला हजर व्हायचं, आणि नेमकी तिकडची बस बंद झाली.

"काका, बाबांची सायकल नीट करून दे," ती म्हणाली.

"नवी घेऊ की."

"लोखंड चांगलं आहे तिचं. आणि बाबांची आहे ती. किती दिवस टांगून ठेवणार?"

सुट्टीच्या दिवशी त्यानं गोणपाट काढलं. पुढचं चाक पार वाकलं होतं. ते आणि ते धरणारा चिमटा त्यानं नवा घातला. लांबुडकं जुनं हँडल काढून सरळ घातलं. पुतणीची सलवार अडकू नये म्हणून चेनला पूर्ण झाकण लावलं. डब्यासाठी पुढं जाळीची टोपली, मागं कॅरिअर, अंधारासाठी दिवा. हळूहळू सायकल रोजच्या कामाची दिसू लागली. मागच्या ब्रेकला मात्र त्यानं शेवटपर्यंत हात लावला नाही.

थोरला यंत्रांच्या कारखान्यात तपासनीस होता. तिथला नियम कडक: पिळणाऱ्यानं तपासायचं नाही. दुसऱ्यानं तपासायचं, आणि घट्ट असेल तर नट नि बोल्ट दोहोंवरून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट केसभर फिरला तरी रेघ मोडते. थोरल्याला ही सवय इतकी लागली होती की घरातल्या स्टुलाच्या नटांवरही त्याच्या रेघा होत्या.

रॉकेलच्या बोळ्यानं त्यानं तो नट पुसला. बावीस वर्षांचा चिकटा निघाला आणि खाली पिवळी रेघ दिसली. अखंड, कुठं तुटलेली नाही. त्यानं चाक जोरात फिरवून ब्रेक दाबला. चाक तिथल्या तिथं थांबलं.

तो आधी हसला, मग तोंडावर बाही दाबून रडला. माझ्या हातून काही झालं नव्हतं. माझ्या हातून काही झालंच नव्हतं! तो तसाच काळ्या हातांनी स्वयंपाकघरात गेला. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"वहिनी, नट घट्ट होता. दादाची रेघ आहे त्यावर."

वहिनींचा हात थांबला. पण चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मला माहीत होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी ह्यांनी जाताना घड्याळ काढून ठेवलं. चष्मासुद्धा. चष्म्याशिवाय ह्यांना उंबऱ्यापलीकडचं दिसत नव्हतं. किती महिने झोप नव्हती ह्यांना. मी काय ते समजले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही नट म्हणालात, मी गप्प बसले. पोरगी दोन वर्षांची होती. बाप चुकून गेला, हे तिला सांगता येतं. दुसरं कसं सांगू?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तुम्हाला दोषी राहू दिलं, ते पाप माझ्या माथी आहे. तुम्ही रोज कडी ओढून बघता ना, ते मी आतून बघते."

"बावीस वर्षं, वहिनी," एवढंच तो म्हणाला. संतापानं त्याचे कान तापले होते.

तो सायकलीपाशी येऊन बसला आणि मग त्याला उमगलं. ब्रेक आदल्या संध्याकाळचा, म्हणजे ही रेघ थोरल्यानं त्यानंतरच, निघायच्या आधी ओढली होती. धाकट्यावर बोट येऊ नये म्हणून. जाणाऱ्यानं एवढं केलं, आणि यानं एकदा वळूनही बघितलं नाही. टक टक करून तो हेच सांगत होता की काय, कोण जाणे.

तेवढ्यात पुतणी आली. वाकून बघत म्हणाली, "हाच ना रे तो नट? खरंच सैल होता?"

त्यानं नटावर अंगठा ठेवला. बाहेर वहिनींची चाहूल लागली आणि थांबली.

"हो," तो म्हणाला. "सैल होता."

"असू दे रे, काका." तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

जुना नट काढून त्यानं खिशात टाकला, नवा ब्रेक बसवला आणि पान्हा तिच्या हातात दिला. "आता तू तपास. पिळणाऱ्यानं तपासायचं नाही." तिनं तपासलं, आणि त्यानं सांगितली तशी पिवळी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बरोबरच निघाले. ती सायकलीवर पुढं गेली. त्यानं कडी लावली, पाच पावलं चालला. कडी नीट लागली होती, त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पुतणी कोपऱ्यावर पाय टेकून मागं वळून बघत होती. तो परत फिरला आणि कडी ओढून बघितली.