करमाड लाइनवरची कडूबाई

कडूबाई गाडी शिकली ती चाळिशी उलटल्यावर. तिचा नवरा फकिरा करमाड ते शहर अशी काळी-पिवळी जीप चालवायचा. लकव्यानं त्याचा उजवा हात गेला आणि जीप दारात उभी राहिली. विकत मागायला माणसं आली, तर कडूबाईनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

"इकायची नाय. मला शिकवा," ती नवऱ्याला म्हणाली.

गावाबाहेरच्या गायरानात फकिरा शेजारी बसून शिकवू लागला. तिनं एकदा जीप सरळ बाभळीत घातली. तो चिडला, मग दोघंही एकमेकांच्या अंगातले काटे काढत हसत बसले. लायसन आलं तेव्हा गल्लीभर दाखवत फिरला तो फकिराच.

मग ती जालना रोडच्या स्टँडवर गेली. लुगड्यावर नवऱ्याचा खाकी शर्ट, डोक्याला गुलाबी टॉवेल, तोंडात पान. ड्रायव्हर लोक गालात हसले. साहेबराव त्यांच्यातला जुना, कुणाची गाडी आधी भरायची तो नंबर लावणारा.

"बाई, हे तुमचं काम नाय. वाटंत गाडी बंद पडली तर?"

"ढकलीन. तुम्ही काय करता?"

साहेबरावनं तिला नंबर दिला नाही. कडूबाई भांडली नाही. रोज यायची, रांगेच्या टोकाला जीप लावायची आणि रिकामीच घरी जायची. शेवटी भाजीवाल्या द्वारकाबाईनं पुढच्या जीपमधली आपली टोपली उतरवली आणि कडूबाईच्या जीपमध्ये आणून ठेवली.

"गड्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचा लई कटाळा आला," ती म्हणाली. "आज जरा मोकळं बसते."

तिच्यामागं दुसऱ्या बाया आल्या, मग कॉलेजच्या पोरी. साहेबरावला नंबर द्यावाच लागला.

एकदा संध्याकाळी परतताना जीपमधले दोन दारुडे शेजारी बसलेल्या पोरीच्या अंगचटीला येऊ लागले. कडूबाईनं शेंद्र्याजवळ जीप कडेला घेतली आणि सीटखालची लोखंडी टॉमी हातात धरली.

"उतरा."

"मावशी, भाडं दिलंय आम्ही."

"हे घ्या परत. उतरा."

ते उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आणखी चार जण घेऊन स्टँडवर हजर झाले. कडूबाई जागची हलली नाही. "काय बोलायचं ते बोला," एवढंच म्हणाली. तेवढ्यात साहेबराव चहाचा कप ठेवून तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. मग एकेक करत बाकीचे ड्रायव्हरही आले. आलेली माणसं थोडा वेळ घुटमळली आणि निघून गेली.

आता तिची पुतणी निशा त्याच जीपमधून कॉलेजला जाते. एक दिवस पुढच्या सीटवर बसून ती सांगत होती, "काकू, अमेरिकेत पूर्वी नवा मुलूख वसत होता ना, तिथं काही बाया घोडागाडीतून टपाल न्यायच्या. बर्फातून, लांडग्यांच्या रानातून. जवळ बंदूक ठेवायच्या."

"एकट्याच?"

"व्हय, एकट्याच."

कडूबाईनं गिअर बदलला.

"त्यांच्या घरी कोण व्हतं गं, वाट बघायला?" तिनं विचारलं.

निशाला ते ठाऊक नव्हतं. कडूबाईच्या घरी फकिरा होता. डाव्या हातानं भाकरी थापायला तो केव्हाच शिकला होता.