दोनदा बदललेलं पाणी

ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास आला की मला अजून ती संध्याकाळ आठवते. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, पण त्या संध्याकाळी आईचा दमा उसळून तिचे ओठ निळे पडले तेव्हा मला काहीच सुचेना. दवाखाना पलीकडच्या काठावर, आणि पाणी ओसरल्यामुळे होडी चिखलापलीकडे दूर उभी. शेजारचे काका पांढरी पँट घालून चर्चला निघाले होते. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी येशूनं शिष्यांचे धुतले तसे फादर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात; त्या वर्षी त्यांत काका होते, म्हणून दुपारीच त्यांनी टाचा घासघासून स्वच्छ केल्या होत्या. त्यांनी आईला पाठीवर घेतलं. “अवो, फादर थांबलेत ना!” काकी ओरडल्या. “अकरा जणांचे उरकूंदे तवर,” म्हणत ते गुडघाभर चिखलात शिरले. मागून मी आईला धरून चालत होतो, तिचा श्वास ऐकत. मधेच तो थांबल्यासारखा वाटला. “काका!” “हाय रे, मानेवर लागतोय माझ्या. चल तू.” होडीतून पलीकडे गेलो, दवाखान्यात आईला ऑक्सिजन लागला, आणि वळून बघितलं तर काका तसेच चिखलाच्या पायांनी चर्चला परत निघून गेलेले. सकाळी स्वतःचा उपास असूनही काकी आमच्यासाठी पेज घेऊन आल्या आणि हसत आईला म्हणाल्या, “वयनी, फादरना काल पाणी दोनदा बदलायला लागलं.” आई आज बरी आहे, मी नोकरीला लागलोय. तरी तो वास आला की मी आधी माझ्या पायांकडे बघतो. बहुतेक वेळा ते स्वच्छच असतात, कुणासाठी चिखलात न शिरलेले.